शेंड्यावरचे, बिळातले

ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेवर एक माकड छापलेले आहे. अंगभर केशरी-सोनेरी केस, मानेभोवती आयाळ, काळपट उघडा चेहरा; वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. रिओ द जानेरो राज्यातल्या सखल किनारी जंगलात ते राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिकडे त्याला ‘मिको-लेआंव-दौरादो’ म्हणतात, आपण सोनेरी सिंहमर्कट म्हणू. १९७० च्या सुमारास ही जात आता जाते, अशी जाणकारांची खात्री झाली होती. जंगलात दोनेकशे उरली असतील, असा तेव्हाचा अंदाज. २०२३ ची पाहणी झाली तेव्हा आकडा ४,८०० च्या आसपास भरला.

सह्याद्रीतल्या लहान सस्तन प्राण्यांवरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना इतक्या लांबून सुरू करायला कारण आहे. एखादा लहान वन्यप्राणी पार कडेलोटावर येऊन पुन्हा कसा सावरला, मधल्या पन्नास वर्षांत काय चुकले, काय साधले, कुठे पुन्हा घसरण झाली, याची सलग बखर फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला आली आहे. आपल्याकडे वाघाची अशी बखर आहे. शेकरूची नाही, खवल्या मांजराची नाही, पिसोरीचे तर नावही काढायला नको. पुढच्या लेखांत वाचकाला सह्याद्रीतले बरेच तपशील मिळतील. ते कशाशी ताडून पाहायचे, यासाठी आधी ही परदेशी गोष्ट जरा ऐसपैस सांगतो.

ती सुरू होते प्राणिसंग्रहालयांत. अमेरिकेतल्या नि युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी ही माकडे शोभेसाठी नेली आणि तिथे ती जगेनात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ आदेलमार कोइंब्रा-फील्यो साठच्या दशकापासून या जातीसाठी कंठशोष करत होते. शेवटी १९७२ मध्ये वॉशिंग्टनला फक्त या एका गोत्राच्या माकडांसाठी परिषद भरली. पुढे तिथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या डेव्हरा क्लायमन यांनी एकेक चूक हुडकून काढली. खाण्यात प्रथिने कमी पडत. जंगलात हा प्राणी फळांइतकाच किड्यांवर नि पाली-बेडकांवर जगतो. एका पिंजऱ्यात दोन-तीन वयात आलेल्या माद्या कोंडल्या जात. त्या एकमेकींना खपवून घेत नाहीत. आणि पिल्ले जरा मोठी झाली की त्यांना आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवत. घोडचूक होती ती हीच. सिंहमर्कटाला बहुधा जुळे होते. ती दोन पिल्ले पाठीवर वागवण्याचे काम बाप आणि थोरली भावंडे करतात. ज्याने धाकटी भावंडे पाठीवर घेतली नाहीत, त्याला पुढे स्वतःची पिल्ले सांभाळता येत नाहीत. कुटुंब एकत्र राहू दिले आणि पिंजऱ्यातली संख्या भराभर वाढली.

मग १९८४ पासून ती जंगलात सोडायला सुरुवात झाली. जागा होती पोसो दास अन्तास, १९७४ मध्ये खास याच प्राण्यासाठी राखलेले जंगल. इथे पुढचा धडा मिळाला. पिंजऱ्यात जन्मलेल्या माकडाने आयुष्यभर घट्ट बसवलेले दांडे पाहिलेले. बारीक, वाकणारी, हलणारी फांदी पाहिली की ते बावरे. वीस-पंचवीस हात लांब गेले की परतीची वाट सापडत नसे. झाडाच्या खोबणीत किंवा फांदीवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात बोटे घालून किडे हुडकायचे असतात, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पहिल्या तुकडीतली बहुतेक माकडे मेली. सोडण्याआधी त्यांना पिंजऱ्यात शिकवून पाहिले, अन्न लपवून ठेवून शोधायला लावले. या कामातल्या बेंजामिन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले, की या पूर्वतयारीचा जगण्यावर फारसा परिणाम होत नाही. सोडल्यानंतर कित्येक महिने मागे माणूस ठेवणे, रोज थोडे खाणे देणे, वाट चुकलेल्याला उचलून आणणे, याचा मात्र होतो. आणि सोडलेल्या जोडप्यांना जंगलात जी पिल्ले झाली, ती मुळातच जंगलाची होती. २००० पर्यंत १४६ पिंजऱ्यातली माकडे सोडली गेली. त्यातली किती मेली हे पाहून कुणी त्या प्रयोगाला अपयशी म्हणेल. पण शतक उलटताना जंगलात फिरणाऱ्या सिंहमर्कटांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांच्या वंशातली होती.

आपल्याकडे प्राणी ‘सोडण्या’च्या बातम्या येतात तेव्हा मला हा मागे ठेवलेला माणूस आठवतो. पिंजऱ्याचे दार उघडतानाचा फोटो येतो, साहेब असतात, टाळ्या असतात. तिसऱ्या महिन्याचा फोटो येत नाही.

आता जमिनीकडे येऊ. राखीव जंगल लहान होते आणि भोवती सगळी गुरांची कुरणे आणि खासगी शेतवाड्या. सोडलेली बरीच माकडे म्हणून खासगी मालकांच्या रानात सोडावी लागली. मालकाने परवानगी द्यायची, रान तोडायचे नाही, शिकाऱ्याला आत येऊ द्यायचे नाही. हळूहळू आपल्या रानात सिंहमर्कट आहे हे मिरवण्यासारखे झाले, आणि काहींनी आपली जमीन कायद्याने कायमची राखीव करून घेतली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘असोसियासांव मिको-लेआंव-दौरादो’ या संस्थेने पुढे जे उद्दिष्ट ठेवले, त्याचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत: एकमेकांना जोडलेल्या २५,००० हेक्टर संरक्षित जंगलात किमान २,००० प्राणी. यातला ‘२,०००’ हा आकडा आधी गाठला गेला. ‘जोडलेल्या’ हा शब्द गाठायला जास्त वेळ लागला. रानांचे तुकडे जोडण्यासाठी कुरणांतून झाडांच्या पट्ट्या लावल्या गेल्या. बीआर-१०१ हा महामार्ग त्यांच्या मुलखाला मधोमध चिरत जातो, त्यावर २०२० मध्ये झाडे लावलेला पूल उभा राहिला. वर माती, रोपे, आणि खालून ट्रक.

मग पीतज्वर आला. २०१४ च्या सुमारास ३,७०० पर्यंत गेलेली संख्या २०१८ च्या साथीनंतर २,५०० वर उतरली. पोसो दास अन्तासमध्ये, जिथून सगळे सुरू झाले तिथेच, कळपच्या कळप नाहीसे झाले. चाळीस वर्षांच्या कामातला तिसरा हिस्सा एका साथीने नेला. २०२१ पासून तिथे माणसाची पीतज्वराची लस पातळ करून रानातल्या माकडांना टोचली जाऊ लागली. पकडायचे, टोचायचे, परत त्याच झाडाशी सोडायचे. २०२३ चा ४,८०० हा आकडा या सगळ्यानंतरचा. तो वाढला कारण साथ ओसरल्यावर परत पसरायला रान होते, आणि रानाला रान लागलेले होते.

इथून सह्याद्रीकडे वळताना एक गोष्ट मनाशी धरून चालावे, असे मला वाटते. लहान प्राण्याची संख्या वाढणे आणि तो सावरणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. संख्या सांगते की यंदा बरे चालले आहे. सावरला का, हे विचारायचे असेल तर रानांची जोड किती आणि ती जोड ज्यांच्या जमिनीतून जाते ती माणसे काय म्हणतात, हे विचारावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न वाघाच्या सावलीत झाकला गेला आहे. वाघ वाचला की सगळे वाचते, हे वाक्य शाळेच्या निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे भेटते. त्यात तथ्य आहेच. कोयना आणि चांदोलीचे जंगल २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाले, त्याचा फायदा तिथल्या पिसोरीला आणि शेकरूलाही मिळतो. पण वाघाची सावली वाघाच्या हद्दीपुरती. देवराई, खासगी रान, काजूची बाग, उसाचा फड, रस्त्याकडेचा झाडोरा, अशा ठिकाणी जगणारा प्राणी या सावलीत येत नाही. आणि लहान प्राणी बरेचसे असल्याच ठिकाणी जगतात.

शेकरूचे बघा. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ चे भीमाशंकर अभयारण्य, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे, त्याच्यासाठीच ओळखले जाते. दीड-दोन किलोचा हा खारीचा थोरला भाऊबंद होता होईतो जमिनीवर उतरत नाही. मागच्या पायांनी फांदी पकडून उलटा लोंबकळत दोन्ही हातांनी फळ फिरवत कुरतडतो, आणि दुपारी शेपूट खाली सोडून फांदीवर पालथा पडून राहतो. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची झेप सहज घेतो. त्याचे घरटे म्हणजे काटक्या-पानांचा गोळा, तेही बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड शिकाऱ्याला पाऊल टाकता येत नाही आणि जिथून शेजारच्या झाडाची फांदी हाताशी असते. ही शेजारची फांदी हेच शेकरूचे जंगल. खाली कितीही हिरवे असो, वर शेंड्याला शेंडा लागत नसेल तर त्याच्या लेखी तिथे खिंडार आहे. देवस्थानाचा रस्ता रुंद झाला, वाहनतळासाठी झाडे गेली, विजेच्या तारांसाठी फांद्या छाटल्या, की नकाशावर अभयारण्य जसेच्या तसे राहते आणि शेकरूचे दोन तुकडे होतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला लोटणाऱ्या गर्दीबद्दल बोलताना आपण कचऱ्याबद्दल बोलतो. कचरा उचलता येतो. तुटलेला शेंडा जुळायला पिढी जाते.

शेकरूची गणती करायची पद्धत म्हणजे घरटी मोजायची. पण एक शेकरू एक घरटे बांधून थांबत नाही. त्याची एका वेळी अनेक असतात. काही वापरातली, काही पडीक, काही अर्धवट. मग घरट्यांच्या आकड्याला कशाने तरी भागावे लागते, आणि उत्तर त्या भागाकाराच्या हाती जाते. दरवर्षी एकाच रीतीने मोजले तर चढ-उतार कळतो, हे खरे. पण ‘शेकरू वाढले’ अशी बातमी वाचताना, वाढली ती घरटी की शेकरू, हे वाचकाने विचारावे. रेने बोर्जेस यांनी भीमाशंकरात शेकरूवर केलेले काम या गणतीपेक्षा वेगळ्या अंगाने जाते: कोणत्या हंगामात कोणते झाड त्याला काय देते. अशा अभ्यासातून रस्ता कुठून न्यावा नि कोणते झाड ठेवावे हे कळू शकते. नुसत्या बेरजेतून कळत नाही.

भीमाशंकरच्या परिसरात हे शेंडे टिकले यात देवरायांचा वाटा मोठा आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अभ्यासकांच्या जगाला त्यांची ओळख झाली. तिथल्या महादेव कोळ्यांना ती आधीपासूनच होती. देवाच्या रानात कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम शेकरूसाठी केलेला नव्हता. तो देवासाठी होता, पाण्यासाठी होता, आणि शेकरू त्याचा फुकटचा लाभार्थी. आता देवराईत सिमेंटचे मंदिर, सभामंडप आणि तिथवर पक्का रस्ता आला की देव राहतो, राई जाते. या संग्रहातला देवरायांवरचा लेख मला सर्वांत अस्वस्थ करून गेला, कारण त्यात दोष द्यायला कुणी खलनायक सापडत नाही. वर्गणी काढून भक्तीनेच हे चालले आहे.

खवल्या मांजराची अडचण निराळी. हे झाडावर चढू शकते, पण त्याचे घर जमिनीखाली. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत, जीभ लांबलचक नि चिकट. रात्री बाहेर पडून वारुळे उकरायची आणि मुंग्या-वाळवी चाटायची, एवढाच उद्योग. बिळाशी जाऊन बसले तर काहीच दिसत नाही. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, त्यावर पुढच्या पंज्याच्या नखांचे ओरखडे, आणि आत प्राणी असेल तर बहुधा बीळ आतून मातीने बुजवलेले. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीच्या मुळाशी चिकटून फिरते. धोका वाटला की खवल्या मांजर गोल गुंडाळी करून पडून राहते. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. गोणी घेऊन आलेल्या माणसापुढे तिचा उपयोग उलटाच. त्याला फक्त उचलायचे असते.

खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांचेच द्रव्य. तरी त्यांच्या औषधी गुणांवर चीन-व्हिएतनामकडचा बाजार उभा आहे, आणि खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते असे मानणारे आपल्याकडेही भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. २०१६ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत आठही जातींच्या खवल्या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. कागद आहेत, भक्कम आहेत. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खासगी मालकीचे. खवल्या मांजराचे बीळ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. मालक मुंबईत, भाऊबंदांत वाटण्या रखडलेल्या, घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की उभे रान ठेकेदाराला जळाऊ लाकडासाठी दिले जाते. दोन दिवसांत डोंगर उघडा होतो. त्यावर उन्हाळ्यात वणवा, वणव्यामागून कुत्री. दोडामार्गाकडे तर तोडलेल्या रानाच्या जागी रबर येते. यातले कोणतेही काम खवल्या मांजराला मारण्यासाठी केलेले नसते.

म्हणून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने धरलेली वाट मला महत्त्वाची वाटते. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी गावकऱ्यांच्याच हाती राखायला लावणारी हीच मंडळी. खवल्या मांजरासाठीही ती गावांत शिरली. २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवल्या मांजर दिनी, चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली. शहरातल्या काही मित्रांना हे भाबडे वाटले. कोकणात पालखी गावात फिरते म्हणजे काय होते, हे त्यांना ठाऊक नसावे. पालखीपुढे गाऱ्हाणे घातले की ते गावाचे होते. दुसऱ्या दिवशी बीळ उकरणारा शेजाऱ्यांच्या नजरेत येतो. वनरक्षकाला एवढी नजर कुठून आणता येणार?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पिसोरी हे तीनेक किलोचे, शिंगे नसलेले, पाठीवर पांढरे ठिपके-पट्टे असलेले हरणासारखे जनावर. पाचोळ्यात उभे राहिले तर दोन हातांवरूनही चुकते. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या मदतीने २०१० पासून त्याची पैदास झाली आणि २०१७ मध्ये काही पिसोऱ्या अमराबादच्या जंगलात सोडल्या गेल्या. सिंहमर्कटाची गोष्ट वाचल्यावर तो लेख वाचावा. ‘मागे ठेवलेला माणूस’ तिथे किती दिवस होता हे पाहावे. वाघाटी हे दीड किलोच्या आतले, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. ते उसाच्या फडात विते. ऊसतोडीत पिल्ले सापडली की बिबट्याची म्हणून गाव जमते. पिल्ले त्याच जागी, टोपलीत, रात्री पुन्हा ठेवली तर आई येऊन घेऊन जाते, हे आता पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच वनरक्षकांना आणि काही ऊसतोड टोळ्यांनाही माहीत झाले आहे. जंगलापासून कोसांवर, साखर कारखान्याच्या वेळापत्रकात बसवलेले हे संवर्धन आहे, आणि त्याला कुठलाही निधी लागत नाही.

संग्रहातले लेख प्राण्यांच्या क्रमाने न लावता जागांच्या क्रमाने लावले आहेत: आधी अभयारण्य, मग देवराई, मग खासगी रान, शेवटी शेत. वटवाघळे आणि चिचुंद्र्या यांच्यावर स्वतंत्र लेख घेता आले नाहीत, ही उणीव आहे; दोन्हींवर लिहिणारे लोक मराठीत अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

शेवटी नावांबद्दल. खवल्या मांजराच्या बिळांची, वाघाटीच्या फडांची आणि पाणमांजरांच्या ओढ्यांची ठिकाणे लेखकांनी दिली होती, ती संपादनात काढली आहेत. तालुका ठेवला, गाव-वाडी गाळली. छायाचित्रांतून ओळखता येणारे डोंगर कापले. दुगव्याचे नाव राहिले कारण तो उत्सव जाहीर होता. हे पुस्तक ज्यांच्या हाती पडू नये त्यांच्याही हाती पडेल, हे धरूनच चालावे लागते. वाचकांपैकी कुणाला आपल्या रानात ताजे बीळ दिसले, तर फोटो गटावर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. फोटो टाकलाच, तर त्यातली जागेची नोंद आधी पुसावी. फोनच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते.